नेत्रश्लेष्मशोथ, तीव्र रक्तस्रावी : इतिहास व संशोधन

पापण्यांच्या आतील बाजूस आणि नेत्रगोलाच्या पांढऱ्या भागावर पसरलेल्या पातळ, पारदर्शक आवरणास नेत्रश्लेष्मकला म्हणतात. या आवरणाच्या दाहयुक्त सुजेस नेत्रश्लेष्मशोथ ही संज्ञा असून व्यवहारात त्यास ‘डोळे येणे’ असे म्हणतात. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा उच्चार ‘य’ असा होत असल्याने अमरावती-अकोल्याकडे ‘डोये आले’ असे म्हटले जाते. जंतू, व्हायरस, अधिहर्षता (ॲलर्जी), धूळ व धूर अशी या विकाराची अनेक कारणे आहेत. त्यांपैकी नेत्रश्लेष्मकलेखाली रक्तस्राव घडवून आणणारा एक साथीचा प्रकार १९६९ पूर्वी वैद्यकास स्वतंत्र रोग म्हणून परिचित नव्हता. आठवड्याभरात बहुधा आपोआप बरा होणारा हा विकार क्षुल्लक समजला गेला. तथापि डोळे बरे झाल्यानंतर काही थोड्या रुग्णांच्या पायांचा अंगघात होतो, ही गोष्ट १९७१ च्या साथीनंतर मुंबईतील तंत्रिकातज्ञांनी निदर्शनास आणली. साध्या नेत्रविकाराच्या अभ्यासातून मेरुरज्जूच्या एका नव्या विकाराचा शोध लागला, हे या संशोधनाचे वैशिष्ट्य होय.

उगम व प्रसार : जून १९६९ मध्ये घाना देशाची राजधानी आक्रा येथे या रोगाची पहिली ज्ञात साथ उद्‌भवली. एस्. चटर्जी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० मध्ये ब्रिटिश नेत्रवैद्यकीय नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ या यानातून मानव चंद्रावर उतरला. त्याच सुमारास ही साथ पसरल्यामुळे तेथील लोकांनी तिला ‘अपोलो रोग’ असे नाव दिले. आफ्रिकेतून हा रोग आग्नेय आशियात व जपानमध्ये पोहोचला आणि १९७१ मध्ये भारतात आला. बंगालमध्ये त्या वर्षी बांगला देशाचा मुक्तिसंग्राम चालू होता व निर्वासितांचे लोंढे येत होते. त्यामुळे तेथे या रोगास ‘जय बांगला’ हे नाव पडले. मुंबईतही त्याच वर्षी मोठी साथ आली.

या रोगास दोन भिन्न व्हायरस कारणीभूत होतात. १९७० मध्ये सिंगापूर येथील साथीत कॉक्सॅकी अ-२४ या व्हायरसाचा एक भेद आढळला. १९७१ मध्ये जपानमध्ये रेसाकु कोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा, पूर्वी अज्ञात असलेला व्हायरस वेगळा केला. त्यास पुढे एंटेरोव्हायरस-७० असे नाव मिळाले. दोन्ही व्हायरस बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) व्हायरसाच्याच कुलातील आहेत. मात्र या कुलातील बहुतेक व्हायरस आतड्यात वाढतात, तर हे दोन मुख्यतः डोळ्यात वाढतात. त्यांची वाढ सु. ३३° से. तापमानास सर्वांत चांगली होते. डोळ्याचा पृष्ठभाग शरीराच्या अंतर्भागापेक्षा थंड असल्याने तो त्यांना अनुकूल ठरतो.

नेत्रलक्षणे : संसर्गानंतर एक-दोन दिवसांतच डोळ्यात खडा गेल्यासारखे टोचू लागते, पाणी वाहते, पापण्या सुजतात व उजेड सहन होत नाही. एका डोळ्यातील विकार लवकरच दुसऱ्या डोळ्यातही होतो. नेत्रश्लेष्मकलेखाली बारीक ठिपक्यांपासून मोठ्या लाल डागांपर्यंत रक्तस्राव दिसतो. रुग्णास व नातेवाइकांस त्याची भीती वाटत असली, तरी दृष्टीस सहसा कायमची इजा होत नाही.

मुंबईतील संशोधन : १९७१ च्या साथीनंतर मुंबईतील रुग्णालयांत पायांत एकाएकी दुर्बलता आलेले काही प्रौढ रुग्ण येऊ लागले. बालपक्षाघात हा त्या काळी भारतात प्रामुख्याने लहान मुलांचा रोग होता. त्यामुळे प्रौढांमधील असा शिथिल अंगघात लक्ष वेधून घेणारा होता. सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयातील नोशीर होरमसजी वाडिया (१९२५–२०१६) आणि त्यांचे सहकारी पी. एफ. इराणी व सरोश काटराक यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला. रुग्णांचे डोळे काही काळापूर्वी येऊन गेले होते, हे त्यांच्या पूर्ववृत्तातून स्पष्ट झाले. ई. पी. भरूचा व व्ही. पी. मोंडकर यांनीही मुंबईतून असेच रुग्ण वर्णिले. वाडिया व सहकाऱ्यांचा तंत्रिकामूल-मेरुरज्जुशोथाविषयीचा लेख १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

डोळे येणे आणि अंगघात यांत काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत अंतर असते. रुग्ण तंत्रिकातज्ञाकडे येतो तेव्हा त्याचा डोळा स्वच्छ झालेला असतो आणि नेत्रतज्ञास त्याच रुग्णाचा पाय पाहण्याचा प्रसंग येत नाही. दोन्ही विकारांची सांगड घालण्यासाठी मोठी साथ, एकाच शहरातील विपुल रुग्ण आणि पूर्ववृत्त बारकाईने विचारण्याची शिस्त या तिन्ही गोष्टी आवश्यक होत्या. मुंबईत त्या एकत्र आल्या. वऱ्हाडची स्थिती त्या वेळी वेगळी होती. आधुनिक वैद्यकाचे एकही महाविद्यालय १९७१ मध्ये तेथे नव्हते. अमरावतीस ते १९८४ मध्ये, यवतमाळास १९८९ मध्ये व अकोल्यास २००२ मध्ये निघाले. तोपर्यंत अवघड रोगाच्या निदानासाठी तेथील रुग्णास नागपूर वा मुंबई गाठावी लागे. अशा प्रदेशात एखाद्या गावी एखाद्याच शेतकऱ्याचा वा मजुराचा पाय लुळा पडल्यास त्याचा संबंध महिन्याभरापूर्वी आलेल्या डोळ्यांशी जोडला जाण्याची शक्यता फार थोडी होती.

तंत्रिकाविकाराचे स्वरूप : आरंभी ताप व अंगदुखी, तसेच कंबर आणि पाय यांत तीव्र कळा येतात. त्यानंतर पायांची शक्ती जाते. दुर्बलता दोन्ही बाजूंस सारखी नसते आणि मांडीच्या व कंबरेजवळच्या स्नायूंत ती अधिक असते. स्नायू शिथिल पडतात व गुडघ्याची प्रतिक्षेपी क्रिया नाहीशी होते, पण स्पर्शज्ञान बहुधा शाबूत राहते. यावरून मेरुरज्जूच्या अग्रशृंगातील प्रेरक कोशिका आणि तंत्रिकामुळे यांस इजा होत असल्याचे अनुमान काढता आले. मस्तिष्क-मेरुद्रवातील कोशिकांची व प्रथिनांची वाढ या अनुमानास पोषक होती. काही रुग्णांत चेहऱ्याच्या तंत्रिकेचाही घात आढळला. सौम्य विकार असलेले रुग्ण सुधारले. तीव्र विकार झालेल्यांचे स्नायू मात्र कायमचे रोडावले व त्यांना अपंगत्व आले. असा उपद्रव अत्यंत विरळ असला, तरी साथीत लक्षावधी लोकांचे डोळे येत असल्याने विरळ उपद्रवासही महत्त्व प्राप्त होते.

पुरावा : एका रोगामागून दुसरा रोग झाला, एवढ्यावरून पहिला दुसऱ्याचे कारण ठरत नाही. अंगघात दिसेपर्यंत डोळ्यातील व्हायरस नाहीसा झालेला असल्याने तो प्रत्यक्ष मिळविणे कठीण होते. म्हणून रुग्णांच्या रक्तरसातील व मस्तिष्क-मेरुद्रवातील एंटेरोव्हायरस-७० विरुद्धच्या प्रतिपिंडांचा शोध घेण्यात आला. असे प्रतिपिंड आढळल्याने रोगकारणाला आधार मिळाला. कोनो आणि सहकाऱ्यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून हा व्हायरस तंत्रिका तंत्रास इजा करू शकतो, हे १९७३ मध्ये दाखवून दिले. तैवानमधील वैद्यांनीही १९७६ मध्ये अशाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८१ मध्ये भारतात पुन्हा मोठी साथ आली. या वेळी काय पाहावयाचे हे आधीच ठाऊक असल्यामुळे मुंबईत रुग्णांची तपासणी व व्हायरसविषयक परीक्षा योजनापूर्वक करता आल्या. या अभ्यासाचा विस्तृत अहवाल वाडिया व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला.

वाडिया यांचा जन्म सुरतेस झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण व इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी जीजीभाई रुग्णालयात तंत्रिकावैद्यकाचा विभाग उभारला. नेत्रगोलांची हालचाल मंद होणाऱ्या एका आनुवंशिक मस्तिष्कविकाराचे वर्णनही त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले होते. भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

नंतरचा काळ व वऱ्हाड : १९८० नंतरच्या दशकांत एंटेरोव्हायरस-७० मुळे उद्‌भवलेल्या साथी विरळ होत गेल्या आणि कॉक्सॅकी अ-२४ च्या भेदाचे प्राबल्य वाढले. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली. तीत दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. सर्व जिल्ह्यांत अधिक रुग्ण वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात नोंदले गेले. अकोला व अमरावती जिल्ह्यांतही रुग्णांची संख्या मोठी होती. त्या वर्षी भारताच्या निरनिराळ्या भागांतील नमुन्यांत कॉक्सॅकी अ-२४ चा भेद आढळला. या व्हायरसामुळे तंत्रिकाविकार सहसा होत नाही. मात्र केवळ डोळा पाहून दोन व्हायरसांतील भेद ओळखता येत नाही. त्यासाठी साथीच्या आरंभीच नेत्रस्रावाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावे लागतात.

प्रतिबंध : या रोगावर विशिष्ट औषध किंवा लस उपलब्ध नाही. रुग्णाच्या डोळ्यांतील स्राव हात, रुमाल, टॉवेल, उशी व डोळ्यांत घालावयाच्या औषधाच्या बाटल्या यांमार्फत दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो. रुग्णाकडे नुसते पाहिल्याने डोळे येतात, हा समज निराधार आहे. हात वारंवार धुणे, रुग्णाच्या वस्तू वेगळ्या ठेवणे आणि मुलांना शाळेत वा वसतिगृहात न पाठविणे हे उपाय परिणामकारक ठरतात. स्टेरॉइडयुक्त थेंब वैद्याच्या सल्ल्याशिवाय वापरणे घातक ठरू शकते.

भारतात १३ जानेवारी २०११ नंतर नैसर्गिक पोलिओ व्हायरसाचा रुग्ण आढळला नाही आणि २०१४ मध्ये आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. तथापि शिथिल अंगघाताच्या प्रत्येक रुग्णाची नोंद घेण्याची पद्धत चालू ठेवण्यात आली आहे. पोलिओ नसताना होणाऱ्या अंगघाताच्या कारणांमध्ये एंटेरोव्हायरस-७० चा समावेश झाला आहे. त्यामुळे डोळ्यांची साथ येऊन गेल्यावर पाय लुळा पडलेल्या रुग्णास ‘गेल्या महिन्यात डोळे आले होते काय’ हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या प्रदेशात या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे, कारण तेथे रुग्णास प्रथम तपासणाऱ्या वैद्याच्या हाती निदानाचे दुसरे साधन बहुधा नसते.