वसंतातला नवरोज पावसाळ्यात कसा गेला?

आज रायपूरच्या गोल बाजारापासून सुरुवात करू. ‘बाजार’ हा शब्द फारसी. शेजारचा ‘हंगाम’ फारसीच. आपले डाळिंबवाले, संत्रीवाले शेतकरी ‘आंबे बहार’, ‘मृग बहार’ म्हणतात, त्यातला ‘बहार’ही फारसी आणि त्याचा मूळ अर्थ वसंत. म्हणजे इराणचा वसंत आपल्या बोलण्यात कधीच येऊन बसला आहे.

आता चैत्र प्रतिपदेचं दृश्य बघा. रायपुरातल्या मराठी घरांत त्या दिवशी गुढी उभी राहते. त्याच दिवशी चैत्री नवरात्र बसतं आणि छत्तीसगढी घरांत, देवळांत ‘जवारा’ पेरतात. टोपलीत माती, त्यात गहू, आणि नवरात्र संपलं की ते पिवळट-हिरवे अंकुर डोक्यावर घेऊन बायका तलावाकडे निघतात. तिकडे इराणात नवरोजच्या आधी दोनेक आठवडे ताटलीत गहू किंवा मसूर भिजवून अंकुर काढतात. त्याला म्हणतात ‘सब्जे’. ‘स’ने सुरू होणारे सात जिन्नस मांडतात, त्यात हे अंकुर, लसूण, सफरचंद, सिरका. तेराव्या दिवशी घरदार उघड्यावर जेवायला जातं आणि अंकुर वाहत्या पाण्यात सोडतं. एकाने दुसऱ्याचं उचललं असं मी म्हणत नाही. थंडी संपून धान्य उगवलं की शेतकऱ्याला जो आनंद होतो, तो दोन्हीकडे सारखाच.

नवरोज म्हणजे ‘नवा दिवस’. दिवस आणि रात्र सारखी होते तो, साधारण २१ मार्च. मग प्रश्न असा, की महाराष्ट्रात पारशी नववर्षाची सुट्टी ऑगस्टमध्ये, भर पावसात का असते?

आणि आधी एक दुरुस्ती. त्या दिवशी आपण सर्रास ‘पतेतीच्या शुभेच्छा’ देतो. ‘पतेत’ म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना. पतेती हा जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या चुका कबूल करण्याचा. शुभेच्छा दुसऱ्या दिवशी द्यायच्या.

आता ऑगस्टकडे. जरथुष्ट्री पंचांगात तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि वर्षाअखेर पाच गाथांचे दिवस, एकूण ३६५. पण सूर्याचं वर्ष त्याहून जवळजवळ पाव दिवस मोठं. तो पाव दिवस कोणी मोजला नाही, तर चार वर्षांत सण एक दिवस मागे सरकतो. शेवटचा सासानी बादशहा तिसरा यज्दगर्द गादीवर आला, त्या वर्षाचा पहिला दिवस १६ जून ६३२. म्हणजे तेव्हाच नववर्ष वसंतातून निसटलेलं होतं! तिथून ते मागे मागे सरकत राहिलं.

इराणात १०७९ साली सुलतान मलिकशहाच्या ज्योतिषांनी नवरोज वसंतात पक्का बांधला. त्या ज्योतिषांत उमर खय्याम होता, ज्याच्या रुबाया माधव जूलियनांनी मराठीत आणल्या तोच. पण जरथुष्ट्री धर्मविधींचं पंचांग वेगळंच राहिलं. हिंदुस्थानात आलेल्या पारशांनी मध्ययुगात एकदा एक अधिक महिना धरला. इराणातल्या धर्मबांधवांनी तो धरला नाही. दोघांत एका महिन्याचं अंतर पडलं.

हे कळलं १७२० च्या सुमारास, इराणहून दस्तूर जामास्प विलायती सुरतेला आले तेव्हा. तुम्ही म्हणाल, महिनाभराने काय बिघडतं? प्रार्थनेत त्या दिवसाचं आणि महिन्याचं नाव घ्यावं लागतं. महिना चुकला तर पूर्वजांसाठी केलेली प्रार्थना पोचते का, हा प्रश्न. १७४५ मध्ये सुरतेत एका गटाने इराणी गणना स्वीकारली. ते ‘कदमी’, बाकीचे ‘शहेनशाही’. मुल्ला काऊस नावाचे धर्मगुरू १७६८ मध्ये याच शंका घेऊन इराणला गेले, बारा वर्षांनी परतले. १७८३ मध्ये मुंबईत फणसवाडीला कदमींचं दादीशेठ आतशबेहराम उभं राहिलं.

त्याच वर्षी एक वाईट गोष्ट घडली. भरूचला या वादातून मारामारी झाली होती. एका गर्भवती बाईला लाथ मारल्याचा आरोप होमाजी नावाच्या माणसावर आला आणि त्याला मुंबईत फाशी झाली. तो निर्दोष होता, असं पारशी समाज मानतो. त्याच्या स्मृतिदिनी आजही प्रार्थना होतात. एका महिन्याच्या हिशोबात माणसाचा जीव गेला.

पुढे १९०६ मध्ये खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी फसली साल मंडळ काढलं. ‘फसल’ म्हणजे पीक, हंगाम. चार वर्षांनी एक दिवस वाढवायचा आणि वर्ष २१ मार्चलाच सुरू करायचं. हिशोब बिनतोड होता, पण बहुसंख्य लोक वाडवडिलांच्या गणनेवरच राहिले. म्हणून आज शहेनशाही नववर्ष ऑगस्टच्या मध्याला, कदमी त्याच्या महिनाभर आधी, आणि फसली मार्चमध्ये. गंमत अशी, की २१ मार्चचा जमशेदी नवरोज मात्र बहुतेक पारशी घरांत साजरा होतो. दारात रांगोळीचे छाप, तोरण, ताटात गोड शेव आणि दही. वर्ष पावसाळ्यात गेलं, तरी वसंत त्यांनी सोडला नाही.

आणि आपला पाडवा वसंतात का टिकला? चांद्रवर्ष तर ३५४ दिवसांचं, सूर्याच्या अकरा दिवस मागे. ते अंतर भरून काढतो आपला अधिक महिना, साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा. त्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला अनारसे देतो, त्यात लग्नं काढत नाही. पण तो नसता, तर गुढी कधी दिवाळीच्या थंडीत आणि कधी आषाढाच्या पावसात उभारावी लागली असती.

तेव्हा पुढच्या वेळी धोंड्याचा महिना आला, की कंटाळू नका. तुमच्या गुढीवरची कडुलिंबाची कोवळी पानं त्याच्याच कृपेने कोवळी असतात. आणि ऑगस्टमध्ये पारशी मित्राला फोन कराल, तेव्हा ‘नवरोज मुबारक’ म्हणा. भेटू पुढच्या भागात.