सोलापुरी चादर : लुगड्याच्या गावाने घराचे कापड कसे निवडले?

१/ पडदा, पलंगपोस, टॉवेल किंवा बैठकीवरचे आच्छादन घेताना आपण प्रथम रंग पाहतो, मग किंमत विचारतो. हे कापड कोणत्या कामाचे, हा प्रश्न बहुधा राहूनच जातो. सोलापूर शहराला मात्र हा प्रश्न पोटासाठी सोडवावा लागला. त्या निवडीचा हा इतिहास.

२/ १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापुरास पोहोचली. १८७४ साली मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली. हीच सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या आल्या व शहराच्या आकाशात धुराड्यांची रांग उभी राहिली.

३/ गिरण्यांनी हातमाग मारला, असे आपण सरसकट म्हणतो. सोलापुरात चित्र इतके सरळ नव्हते. गिरणीचे सूत विणकराला दाराशी मिळू लागले. निजामाच्या राज्यातील तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे येथे स्थिरावली आणि शहराचा पूर्व भाग मागांच्या आवाजाने भरून गेला. नारळी पौर्णिमेला निघणारी मार्कंडेय रथयात्रा ही त्या स्थलांतराची आजही दिसणारी खूण.

४/ हे विणकर मुख्यतः लुगडी विणीत. दख्खनच्या देशी कापसाचा धागा आखूड, त्यामुळे सूत जाडसर निघे. (सुताचा काउंट जितका लहान, तितके सूत जाड.) शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या नऊवारीला ते शोभे. पण विसाव्या शतकात आवड बदलली. पाचवारी आली, तलम गिरणी-साडी आली, नंतर कृत्रिम धाग्याची साडी आली. जाड लुगड्याचे गिऱ्हाईक घटू लागले.

५/ येथे सोलापूरने महत्त्वाची निवड केली. तलम कापडाच्या मागे धावण्याऐवजी, जाड सूत कोणत्या कामाला उत्तम, याचा विचार झाला. उत्तर होते घराचे कापड : अंथरायचे, पांघरायचे, अंग पुसायचे. अंगावर जे जड वाटते, तेच अंथरुणावर टिकाऊ ठरते.

६/ या वळणाला साथ मिळाली जकार्डची. फ्रान्समधील लियों शहरी जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. भोके पाडलेले पुठ्ठे एकामागोमाग सरकतात आणि ताण्याचा कोणता धागा उचलायचा, कोणता खाली ठेवायचा, ते ठरवतात. त्यामुळे मोर, वेली, फुले कापडावर छापावी लागत नाहीत. ती कापडातच विणली जातात. सोलापुरी चादरीची नक्षी म्हणूनच उलट बाजूसही दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते.

७/ दुसरी वाट टर्किश टॉवेलची. तुर्कस्तानात पाहिलेले वेटोळीदार कापड इंग्लंडच्या हेन्री क्रिस्टीने १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मांडले. त्यात ताणे दोन असतात : एक घट्ट, एक सैल. सैल ताण्याची वेटोळी वर उभी राहतात आणि पाणी शोषतात. सोलापूरच्या कारखान्यांनी हेही तंत्र आत्मसात केले.

८/ दरम्यान मोठ्या गिरण्यांना उतरती कळा लागली. १८७४ ची कंपनी १९४९ साली बंद पडली. १९५० मध्ये केंद्र सरकारने खास कायदा करून तिचे व्यवस्थापन हाती घेतले. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘चिरंजीतलाल चौधरी विरुद्ध भारत संघ’ हा तो खटला आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. गिरण्या पुढे एकेक करून थांबल्या. यंत्रमागांचे लहान कारखाने मात्र चादर आणि टॉवेल विणत राहिले.

९/ २००५ साली ‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापुरी टेरी टॉवेल’ यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे संरक्षण लाभले, पण बाजार त्याने थांबत नाही. इतरत्र विणलेल्या चादरी याच नावाने विकल्या जातात. हलक्या, मऊ मिंक ब्लँकेटने हिवाळ्याचे गिऱ्हाईक ओढले. अनेक कारखान्यांनी चादर सोडून टॉवेल धरला. प्रत्येक बंद मागाबरोबर जकार्डचे पुठ्ठे बनवणारा, ताणा जोडणारा आणि सूत रंगवणारा, या सर्वांचे काम जाते.

१०/ मग आपण निवड कशी करावी?
• चादर उलटून पाहावी. मागची बाजू फिकी व कोरी असेल, तर नक्षी छापील. दोन्हीकडे स्पष्ट असेल, तर विणलेली.
• उजेडासमोर धरावी. वीण सर्वत्र सारखी दिसली पाहिजे.
• ही परीक्षा विणीची, गावाची नव्हे. त्यासाठी लेबल व विक्रेता पारखावा.
• टॉवेल वापरण्यापूर्वी एकदा धुवावा, मग तो पाणी नीट शोषतो. निघालेले वेटोळे ओढू नये, कापावे.
• जाड जकार्ड पलंगाला व बैठकीला उत्तम. पडद्याला मऊ चुणी हवी असेल, तर हलके कापड घ्यावे. सुती पडदा शिवण्यापूर्वी कापड धुऊन घ्यावे, कारण ते आटते. उन्हाच्या खिडकीला अस्तर लावावे.

११/ आधी काम, मग सूत व वीण, शेवटी रंग : सोलापूरच्या विणकरांनी या क्रमाने विचार केला, म्हणून लुगड्याची बाजारपेठ गेल्यावरही त्यांचे माग चालत राहिले. पुढेही ते चालावेत, हे काही अंशी गिऱ्हाईक कोणत्या क्रमाने विचार करते, यावर ठरेल.