पाव, दुकान आणि कलम पंधरा

मंडळी, इतिहासाच्या व्याख्यानात सँडविचचं दुकान कशाला, असं काहींना वाटेल. पण बघा. नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या बाजूला एखाद्या कोपऱ्यावरच्या दुकानाशी आपण थांबतो, ‘दोन पार्सल’ म्हणतो. कधी बटाटा, काकडी आणि हिरव्या चटणीचं टोस्ट सँडविच, कधी उलटा वडापाव. उलटा म्हणजे भाजी पावाच्या पोटात भरायची आणि अख्खा पावच बेसनात बुडवून तळायचा. पैसे देतो, निघतो. पाव कुणी भाजला, हे विचारत नाही. हे न विचारणं आपल्याकडे फार जुनं नाही, आणि आज आपण त्याच्याबद्दलच बोलणार आहोत.

पाव हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती साफ चुकीची. पण ती रुजली, कारण संशय आधीच होता. गोव्यात पोदेर कणीक आंबवायला माडाची सूर वापरत. म्हणजे परधर्मी हात, आंबलेलं पीठ आणि वर ताडीमाडी! विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी तिकडे अजून सांगतात. त्या कितपत खऱ्या हा प्रश्न बाजूला ठेवू. पावाचा तुकडा पडलेलं पाणी प्यायलं की माणूस बाटतो, हे ऐकणाऱ्याला पटत होतं, हे महत्त्वाचं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं समोर आली, तर न्यायमूर्ती रानडे आणि टिळकांसारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावं लागलं, प्रायश्चित्ताचा घोळ झाला. इकडे नाशिकशेजारी देवळालीला १८६१ पासून गोऱ्यांची छावणी. पाव हाकेच्या अंतरावर होता, सोवळ्याच्या ताटात मात्र नव्हता.

ही झाली वरच्या जातींची अडचण. खालच्या मानल्या गेलेल्यांची अडचण वेगळी आणि कितीतरी जड होती. त्यांना कुणाच्या हातचं चालत नव्हतं असं नाही. त्यांनाच कुणी आत घेत नव्हतं. देऊळ, पाणवठा, खाणावळ, सगळीकडे तेच. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथे, पंचवटीत सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. वर्षांमागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. आणि १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

देवळाचा हा लढा आपण शिकतो, शिकवतो. दुकानाचा लढा मात्र विसरतो. घटनेचं कलम १५ काढून पाहा: दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, जात, लिंग वगैरे कारणांवरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत विचारणा झाली, की ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय? बाबासाहेबांचा खुलासा असा, की शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा; धोबी, न्हावी, जो कुणी सेवा देऊ करतो तो त्यात आला. आमच्या मते त्या कलमातला हा सर्वात दूरदृष्टीचा शब्द आहे. देवळात माणूस कधीमधी जातो, दुकानात रोज.

मग कायद्याने उघडलेल्या दारातून माणसं आत येऊ लागली ती मुख्यतः भुकेने. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असं सांगतात. गिरणीची पाळी गाठणाऱ्याला बसून जेवायला वेळ कुठला? आपल्याकडे १९६४ मध्ये ओझरला विमानाचा कारखाना आला, सातपूर-अंबडला औद्योगिक वसाहती झाल्या. पाळीवरचा माणूस इथेही हातात धरून खाता येईल असंच मागू लागला. उभ्याने खायचं तर पंगत नाही, आणि पंगत नाही म्हटल्यावर पंक्तिभेद करायचा कुठे? पाव बऱ्याच ठिकाणी मुसलमान भटारखान्यातून यायचा, वडा भलत्याच घरातला माणूस तळायचा, खाणारा तिसराच.

हे कायमचं मिटलं असं मात्र समजू नका. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाण्याच्या दुकानांनी मालकांची नावं पाटीवर लावावीत, असा फतवा निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली: काय पदार्थ मिळतात ते लिहा, नावाची सक्ती नको. नाशिकचा सिंहस्थ २०२७ ला आहे. पंचवटीतल्या गाड्यांवर तेव्हा काय लिहिलेलं असेल, ते आपल्याला वाचायला मिळेलच.