खेळांतल्या गांवाची राखण

इतिहासाच्या अध्यापकानें मुलांच्या संगणकावरील खेळाविषयीं लिहावें, हें आमच्या कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. परंतु गेल्या महिन्यांत कुपवाडास आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यानें हा विषय आमच्यावर लादला असेंच म्हटलें पाहिजे.

आमचा भाचा व त्याचे सात-आठ सोबती 'माइनक्राफ्ट' नांवाचा खेळ खेळतात. त्यांत घनाकार ठोकळे एकावर एक रचून घरें, किल्ले, नगरें उभारावयाचीं असतात. मुलांनीं दोन महिने खपून सांगलीचें गणपतिमंदिर रचिलें होतें. एके सकाळीं पाहातात तों सभामंडप जमीनदोस्त आणि गाभाऱ्याच्या जागीं लाव्हारसाचें तळें! ज्याच्या नांवानें ही मोडतोड झाली तो मुलगा पलीकडच्याच गल्लींतला, यांच्याच वर्गांतला. त्याचे वडील औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत कामास आहेत. दुपारच्या चहापूर्वींच निकाल लागला होता. "मामा, त्याला बॅन केला. कायमचा," असें भाच्यानें आम्हांस सांगितलें. त्याला कांहीं विचारलेंत का, असें आम्हीं म्हणतांच उत्तर आलें, "विचारायचं काय त्यांत? लॉगमध्ये त्याचंच नांव आहे."

या उत्तरानें आम्ही गप्प झालों, पण आमचें समाधान झालें नाहीं. अशा उपद्रवाचा बंदोबस्त इतरत्र कोणीं कसा केला हें पाहूं लागलों, आणि पाहातां पाहातां आपल्या जुन्या गांवगाड्याच्या वेशीपाशीं येऊन पोहोंचलों.

ज्या खेळांत दूरदूरच्या ठिकाणांहून अनेक जण एकाच वेळीं भाग घेतात, त्याचें सारें विश्व एका यंत्रावर सांठविलेलें असतें. त्यास सर्व्हर म्हणतात. खेळणारे निजले तरी तें विश्व जागें असतें. म्हणजे तें एकाचें घर नव्हे, अनेकांचें गांव आहे. आणि गांव म्हटलें कीं गांवगुंड आलाच. इंग्रजींत यास ग्रीफर अशी संज्ञा पडली आहे. आपल्याकडे विघ्नसंतोषी हा शब्द पूर्वींपासून तयार आहे, आणि तो अधिक नेमका आहे असें आमचें मत आहे. चोरास माल हवा असतो. यास केवळ दुसऱ्याचा हिरमोड हवा असतो.

या गांवांची वंशावळ १९७८ सालापर्यंत मागें नेतां येते. त्या सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें 'मड' या संक्षिप्त नांवाचा, केवळ शब्दांचा खेळ रचण्यास आरंभ केला व रिचर्ड बार्टल यानें तो पुढें नेला. याच बार्टलनें १९९६ सालीं खेळाडूंचे चार वर्ग पाडिले. इतरांस छळण्यांतच ज्यांची करमणूक, असा त्यांत एक वर्ग आहे; आणि तो वाढला कीं निव्वळ गप्पागोष्टींसाठीं येणारीं माणसें सर्वांत आधीं उठून जातात, असें त्याचें निरीक्षण आहे. कोणत्याही चावडीवर बसलेल्या माणसास हें पटावें.

पण खरी मौज 'हॅबिटॅट'ची. १९८६ च्या सुमारास अमेरिकेंत लुकासफिल्म या चित्रपटसंस्थेच्या खेळविभागांत मॉर्निंगस्टार व फार्मर या दोघांनीं हें नगर रचिलें. त्यांत प्रथम कोणीही कोणाची वस्तु हिसकावून घ्यावी, कोणीही कोणावर गोळी झाडावी, अशी मुभा होती. रचनाकारांस वाटलें, लोक आपणच कांहीं मार्ग काढतील. लोकांनीं काढिलाही. खेळाडूंत एक ग्रीक पंथाचा खराखुरा धर्मोपदेशक होता; त्यानें नगरांत एक मठ स्थापिला, आणि शस्त्र बाळगणार नाहीं, चोरी करणार नाहीं, अशी शपथ अनुयायांकडून घेवविली. पुढें मतदान होऊन एक शेरीफही निवडला गेला. त्यास अधिकार मात्र कोणते द्यावयाचे यावर एकमत होईना. खेळांतला खून हा गुन्हा कीं खेळाचाच भाग, या प्रश्नावर नगर निम्मेंनिम्म दुभंगलें. शेवटीं रचनाकारांनीं तोड काढिली ती अशी: नगराच्या आंत शस्त्र चालणार नाहीं, चोरी होणार नाहीं, बाहेरच्या रानांत मात्र पूर्वींचीच मोकळीक. गांवकूस आणि वेस यांचा शोध या लोकांना नव्यानें लागला, तो असा. १९९७ सालीं निघालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' या बड्या खेळाची वाट हीच. तेथें वाटमारी इतकी माजली कीं २००० सालीं चालकांनीं जगच दुहेरी केलें. एक भाग निर्भय, दुसरा पूर्वींसारखा.

वेस आली म्हणजे वेसकर आला. आपल्या वेसकराची गोष्ट मात्र आम्हांस अभिमानानें सांगतां येत नाहीं. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत गांवच्या महाराच्या कामाची मोठी यादी दिली आहे: रात्रीं पहारा करणें, येणाराजाणारा ध्यानांत ठेवणें, परक्यावर नजर ठेवणें, संशय आल्यास पाटलास कळविणें. ज्याच्या डोळ्यांवर सारें गांव निर्धास्त निजे, त्याचें घर मात्र वेशीच्या बाहेर! खेळांतल्या गांवांची राखणही बहुधा बिनपगारी स्वयंसेवकच करीत आले आहेत. ज्या कंपनीच्या जाळ्यावर हॅबिटॅट चाले, तीच पुढें अमेरिका ऑनलाइन या नांवानें प्रसिद्धीस आली. तिच्या जुन्या स्वयंसेवकांनीं १९९९ सालीं वेतनासाठीं दावा लाविला, आणि २०१० सालीं दीड कोटि डॉलरांवर तडजोड झाली. आमच्या वेसकरास असा दावा लावण्याचें ठिकाणच नव्हतें.

एल्फिन्स्टनच्या त्याच वर्णनांत माग काढण्याची पद्धति आहे. चोरी झाली कीं जागल्यानें पावलांचा माग घेत निघावयाचें. माग दुसऱ्या गांवाच्या शिवेंत शिरला कीं तो तेथल्या जागल्याच्या स्वाधीन करावयाचा. आणि जेथें माग थांबेल, पुढें नेतां येणार नाहीं, त्या गांवावर जबाबदारी. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर आज हेंच काम लॉग करतो. कोणता ठोकळा, कोणत्या क्षणीं, कोणत्या नांवानें उचलला, याची नोंद राहाते. आणि त्या नोंदीवरून मोडलेलें सारें क्षणार्धांत पूर्ववत् करितां येतें. जागल्यास चोर सांपडे, परंतु गेलेलें धान्य परत येईलच असें नसे. येथें धान्य आधीं परत येतें. याशिवाय ज्यांचीं नांवें यादींत असतील त्यांनाच आंत घ्यावयाचें, अशीही सोय आहे. मुलांच्या लहानशा गांवास ही यादी व रोजची एक सांठवणप्रत एवढें पुरतें, असें जाणते सांगतात.

मोठ्या गांवांस तेवढ्यानें भागत नाहीं, कारण तेथें हल्ला वेशीच्या आंतून न होतां बाहेरून होतो. हजारों परक्या यंत्रांकडून एकाच वेळीं खोट्या मागण्यांचा भडिमार करून सर्व्हर बंद पाडावयाचा, ही ती रीत. २०१६ सालीं अमेरिकेंतील तिघां तरुणांनीं 'मिराई' नांवाची अशी फौज उभी केली. घरोघरचे कॅमेरे व राउटर फितवून ती बनविली होती. माइनक्राफ्टचे सर्व्हर भाड्यानें देणाऱ्यांवर ते ती सोडीत. त्यांतल्या दोघांचा उघड धंदा कोणता? असल्या हल्ल्यांपासून बचाव करून देण्याचा! आम्हां मराठ्यांस हें वाचून मान किंचित् खालीं घालावी लागते, कारण चौथाईचा हिशेब बंगाल्यांत आमच्याविषयीं असाच मांडला जातो. फौजेची गुप्त संहिता त्यांनीं जगजाहीर केली, आणि तिच्याच साहाय्यानें त्या ऑक्टोबरांत कोणीं तरी अमेरिकेंतील कित्येक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. २०१७ च्या डिसेंबरांत तिघांनीं गुन्हा कबूल केला. पुढील वर्षीं अलास्कांतील न्यायालयानें त्यांस तुरुंगांत न धाडतां पांच वर्षें देखरेखीखालीं ठेविलें, आणि प्रत्येकास २,५०० तास समाजसेवा सांगितली. विघ्नसंतोषी पोरास सुधारण्याची ही रीत आम्हांस पसंत आहे. वाचकांपैकीं कांहींस ती सौम्य वाटेल.

येथवर वेस झाली, माग झाला. वाळीत टाकणें राहिलें, आणि आमच्या भाच्याचें उत्तर तेथेंच बोचत होतें.

'लॅम्बडामू' हें शब्दांनींच बनलेलें एक गांव १९९० सालापासून झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंतील पावेल कर्टिस यानें चालविलें होतें. तेथील सर्वाधिकाऱ्यांस 'विझर्ड' म्हणत. तंटे सोडवितां सोडवितां कंटाळून, डिसेंबर १९९२ मध्यें कर्टिसनें जाहीर केलें कीं यापुढें आम्ही केवळ यंत्र चालू ठेवूं. समाजाचें समाजानें पाहावें. तीनच महिन्यांनीं 'मिस्टर बंगल' या नांवानें वावरणाऱ्या एकानें एका युक्तीच्या जोरावर, भर दिवाणखान्यांत, इतरांच्या पात्रांकडून त्यांच्या इच्छेविरुद्ध अश्लील व क्रूर कृत्यें होत असल्याचें वर्णन सर्वांसमोर उमटविलें. खेळ शब्दांचा होता. ज्यांच्यावर हें गुदरलें त्यांचे अश्रु मात्र खरे होते.

तिसऱ्या दिवशीं सभा भरली. सुमारें तीस जण होते. याला नाहींसा करावा, असें कांहींचें म्हणणें. तो अधिकार कोणास, असें दुसऱ्यांचें. बंगल स्वतः येऊन थोडें बोलून गेला. तासन् तास चर्चा झाली, ठराव झाला नाहीं. त्याच संध्याकाळीं एका विझर्डनें, सभा ऐकून, एकट्याच्या विचारानें त्याचें नांव पुसून टाकिलें. प्रवासाहून परतलेल्या कर्टिसनें मग अर्ज व मतदान यांची पद्धति घालून दिली. कांहीं काळानें एक नवा पाहुणा तेथें आला, आणि त्याच्या बोलण्याचालण्यावरून पुष्कळांनीं जुन्यास ओळखलें! १९९६ सालीं विझर्डांनीं उघड कबुली दिली कीं समाजापासून अलिप्त राहाणें आम्हांस साधलेलें नाहीं. ज्युलियन डिबेल या पत्रकारानें १९९३ सालींच हा प्रकार लिहून ठेविला. नाहीं तर असल्या गांवांची बखर कोण लिहितो?

बंगल दोषी होता याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्या हातानें तो पुसला गेला, त्याच हातानें उद्यां दुसरा कोणीही पुसला जाईल, हें भय सभेंत बोलणाऱ्यांस होतें व तें खोटें नव्हतें. आपल्याकडे जातपंचायतींनीं हीच सत्ता पिढ्यान् पिढ्या वापरिली. विहीर बंद, लग्नाचें आमंत्रण बंद, प्रेतास खांदा बंद. आणि अपील कोठेंच नाहीं. तीस आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रास २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, व जुलै २०१७ पासून तो अमलांत आला. मुलांच्या खेळास हा कायदा लागावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आमच्या लहानपणीं विटीदांडूंत रडीचा डाव खेळणाऱ्यास आम्हीही काढून देत होतों. पण तें त्याच्या तोंडावर, भांडून. आणि दुसऱ्या दिवशीं भिडू कमी पडला कीं तोच पुन्हा येई.

कांहीं दिवसांनीं तो मुलगा आमच्याकडे आला. सायकल दारांत टेकवून बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला कीं परवलीचा शब्द त्यानें जयसिंगपुराच्या मावसभावास सांगितला होता. लॉगमधली वेळ रात्रीं पावणेदोनची. त्या रात्रीं वडिलांची रात्रपाळी होती, आणि घरांतला एकुलता एक मोबाइल त्यांच्याजवळ होता, असें त्याचें म्हणणें. लॉगमध्यें नांव असतें, हात नसतो, हें आम्हीं भाच्यास सांगून पाहिलें. "मग पासवर्ड दिलाच कशाला?" असें तो म्हणाला, आणि हाही मुद्दा अगदींच टाकाऊ नाहीं.

मंदिर तर केव्हांच पूर्ववत् झालें आहे. सांठवणप्रत होतीच, पाव तास लागला. मुलाचें नांव अद्यापि यादींत आलेलें नाहीं. पांच जण एका बाजूस, तीन दुसऱ्या बाजूस. येत्या रविवारीं आमच्या ओसरीवर सर्वांनीं जमावयाचें ठरलें आहे. त्यासही बोलाविलें आहे, आणि जमल्यास मावसभावासही.