भोकात काय ठेवायचं?

डहाणू तालुक्यात चारोटी नाक्याजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. जत्रा म्हटली की खोट्या दागिन्यांची दुकानं आलीच. अशा दुकानांत हल्ली सगळीकडे चापाची नथ मिळते. नाकपुडीला नुसती अडकवायची, टोचायचं नाव नको. लग्नाच्या फोटोपुरती ती शोभतेही. पण टोचण्याच्या खटाटोपातला सगळ्यांत जुना भाग तिने वगळला आहे. भोक पाडायला क्षण लागतो. पुढचे काही आठवडे त्यात काय ठेवायचं, याचाच विचार माणसाने शतकानुशतकं केलेला दिसतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कानाचा आहे. टोचायची कारणं दोन: बाळाचं रक्षण आणि भूषण. वय सहा-सात महिन्यांचं, पक्ष शुक्ल. बाळाला दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी भुलवायचं, डाव्या हाताने पाळी ओढून धरायची आणि जिथून ऊन आरपार दिसतं तिथे हळूहळू, सरळ टोचायचं. पातळ पाळीला सुई, जाड पाळीला आरी. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. रक्त फार आलं, पोर फार कळवळलं, तर जागा चुकली असं समजायचं.

मग भोकात कापसाची वात आणि वर तेल. दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड वात. सूज-दाह झाला तर वात काढून ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठ, जव आणि तीळ वाटून मध-तुपात लेप लावायचा; नीट भरून आलं की पुन्हा टोचायचं.

नाकाची गोष्ट मात्र उशिराची. अजिंठ्याच्या चित्रांतल्या बायका दागिन्यांनी मढलेल्या आहेत, पण नाकं मोकळी. १९३८ साली इतिहासकार अ. स. आळतेकरांनी आपल्या ग्रंथात म्हटलं की हिंदू काळात नथ नव्हतीच. त्याच वर्षी पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर लेख लिहिला आणि वाङ्मयातले उल्लेख साधारण इ. स. १०००पर्यंत मागे नेले. म्हणजे मराठी नाकाची शान मानलेला हा दागिना वेरूळच्या कैलास लेण्याहूनही वयाने लहान ठरतो! रक्षणाचा हेतू मात्र नाकातही उतरला. मुलगे जगत नसतील तर पुढच्या मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालायची रीत होती. नथू, नथोबा ही नावं तिथलीच.

‘कान सोनारानेच टोचावेत’ ही म्हण आहे, कारण सुई आणि तार दोन्ही त्याच्याकडे. सोन्याच्या तारेने भोक सहसा चिघळत नाही. ती नसेल तिथे कडुनिंबाची काडी, हळद आणि खोबरेल तेल.

जिभेला हा घरगुती वारसा नाही. तमिळ मुरुगनभक्त नवसापोटी जिभेतून किंवा गालातून छोटा भाला काढतात. मेक्सिकोत याशचिलानच्या माया शिल्पात शोक नावाची राणी जिभेतून काटेरी दोरी ओढून रक्त अर्पण करताना दिसते, प्रसंग इ. स. ७०९चा, शिल्प आता ब्रिटिश म्युझियममध्ये. दोन्हीकडे विधी संपला की वस्तू काढून घ्यायची. जिभेत खडा कायम ठेवायची हौस अलीकडची, १९९०च्या दशकात पाश्चात्त्य शहरांत फोफावलेली.

तिथेही प्रश्न तोच. पोकळ सुईने टोचल्यावर आधी मुद्दाम लांब दांडी घालतात, कारण जीभ काही दिवस चांगलीच सुजते. सूज उतरली की आखूड दांडी. सुश्रुताची वात जाड होत जाते, ही दांडी आखूड होत जाते. लांबच राहू दिली तर ती दातांवर आपटून टवके उडवते आणि खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी खाली सरकते. दंतवैद्य या हौसेला नाकं मुरडतात ते यासाठी. खाल्ल्यावर मिठाच्या पाण्याने चूळ, मऊ ब्रश, आणि जखम भरेपर्यंत विडी-तंबाखू, तिखट, ताडी बंद. डहाणू-तलासरीत शेवटचं पथ्य जरा कठीणच. सूज वाढत गेली, ताप आला किंवा गिळायला-श्वास घ्यायला त्रास झाला, तर तडक दवाखाना गाठायचा. घाबरून दांडी आपणच उपसली तर नवं भोक काही तासांतच मिटू लागतं.