अलार्म वाजलाच नाही

तारेला फांदी लागली की लाइट जाते, हे मलकापुरात शाळकरी पोरही सांगेल. १४ ऑगस्ट २००३ला अमेरिकेतल्या ओहायोत फांद्याच लागल्या, पण कंट्रोल रूमला पत्ता नव्हता. वेळा तिथल्या, कंसात मलकापूरच्या.

दुपारी १:३१ (रात्री ११:०१) : ईस्टलेक वीज केंद्राचा ५ क्रमांकाचा संच बंद पडला.

२:१४ (११:४४) : फर्स्टएनर्जी या तिथल्या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधला अलार्म मुका झाला. एक्सए/२१ सॉफ्टवेअरमधल्या दोन प्रोसेस एकाच माहितीवर एकदमच लिहू लागल्या. माहिती बिघडली आणि अलार्मचा प्रोग्राम जागच्या जागी गरगरत राहिला.

असं दोघांनी एकदम लिहू नये, यावर उपाय साधा आहे. दूध संस्थेच्या वहीला एकच पेन दोरीने बांधलेलं असलं की एका वेळी एकच जण लिहितो. जावा या प्रोग्रामिंग भाषेतली सिंक्रोनाइझ्ड मेथड कुलूप लावून हेच करते. कुलूप मात्र मेथडला नसतं, ऑब्जेक्टला असतं. एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधलं एक चालू काम, आत असेपर्यंत त्याच ऑब्जेक्टच्या कुठल्याही सिंक्रोनाइझ्ड मेथडकडे आलेला दुसरा थ्रेड बाहेर थांबतो. काम संपो की मध्येच एक्सेप्शन येवो, बाहेर पडताना कुलूप सुटतं. पण एखादी मेथड सिंक्रोनाइझ्ड करायची राहिली, तर तिच्या वाटेने येणाऱ्याला कुणी अडवत नाही. तो खिशातलं पेन काढून वहीत लिहितो.

२:३२ (१२:०२) : शेजारच्या एईपी कंपनीने फोन केला. स्टार–साउथ कँटन लाइन क्षणभर ट्रिप होऊन परत जोडली गेली होती. फर्स्टएनर्जीकडे अलार्म आलाच नव्हता.

२:४१ (१२:११) : मुख्य सर्व्हर पडला. काम राखीव सर्व्हरवर गेलं आणि अडकलेला अलार्म प्रोग्रामही जसाच्या तसा तिकडे गेला. २:५४ला तोही पडला.

३:०५ ते ३:४१ (१२:३५ ते १:११) : ३४५ किलोव्होल्टच्या तीन लाइन झाडांना टेकून एकामागून एक ट्रिप झाल्या. तिन्हींवरचा भार मर्यादेच्या आतच होता.

४:०५ (१:३५) : सॅमिस–स्टार लाइन गेली. आता कुणाच्याच हातात काही उरलं नाही.

४:१३पर्यंत (१:४३) : ८ राज्यं आणि कॅनडातला ओंटारिओ प्रांत यांतल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

झाडं वेळेवर छाटली नव्हती, हा दोष चौकशीत निघालाच. सॉफ्टवेअरमधली चूक सापडायला मात्र कित्येक आठवडे कोड चाळावा लागला. म्हणून कोड तपासताना एक मेथड सिंक्रोनाइझ्ड दिसली की पुढे जाऊ नका. त्या माहितीपर्यंत जाणाऱ्या सगळ्या वाटा मोजा.