मराठी ख्रिस्ती घरातली पहिली पुस्तके

लहान मुलाला घरी बसवून दोन अक्षरे शिकवायची झाली, तर त्याच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी घरगुती आहे. त्यात इतिहास कोठून आला, असे कोणीही विचारील. परंतु ते पुस्तक कोणी लिहिले, कोणत्या भाषेत लिहिले आणि घरात ते वाचून कोण दाखविणार, एवढे तीन प्रश्न विचारले की चूल आणि ओसरी सोडून आपण थेट समाजाच्या इतिहासात येऊन पोचतो. आजच्या विवेचनासाठी आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबांची हकीकत घेतली आहे. त्याला दोन कारणे आहेत. एक असे की, ख्रिस्ती धर्म हा ग्रंथावर उभा असलेला धर्म आहे. घरात वाचता येणारे एक तरी माणूस असावे, अशी त्याची अपेक्षा असते. दुसरे असे की, आपल्या पुणे-नगर भागात त्या धर्मात गेलेले बहुसंख्य लोक ज्या जातींतून आले, त्यांना पिढ्यान् पिढ्या ग्रंथाला हात लावण्याची मनाई होती. ज्याला पुस्तक नाकारले होते, त्याच्याच घरी पुस्तक आले. मग त्याने त्याचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

आम्ही पंडित नाही. आमचे शिक्षण पत्रके, कोर्टाचे निवाडे आणि वाचनालयात हाती लागेल ते, एवढ्यावर झाले. पण शेळगावच्या आसपास, ह्या इंदापूर-बारामतीच्या उसाच्या पट्ट्यात कामगारांत वावरताना हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. हंगामाला नगर आणि मराठवाड्याकडून टोळ्या येतात. त्यांत काही ख्रिस्ती कुटुंबेही असतात. उचल किती फिटली, कोयत्यामागे हिशेब किती निघाला, हे विचारायला आलेला माणूस उठता उठता विचारतो, की पोरांची शाळा तर गावाकडे राहिली, इथे खोपीवर त्यांना काय वाचायला द्यावे? ह्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मागे कोणी काय दिले, ते माहीत हवे.

आरंभ गोव्यापासून करू. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट साष्टी भागात राहिला आणि त्याने मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हातची गेली होती. तसेच काहीतरी आम्हांला द्या, अशी त्यांची मागणी त्या ग्रंथातच नमूद आहे. म्हणजे आपल्या भाषेतल्या ह्या पहिल्या मोठ्या ख्रिस्ती ग्रंथामागे वाचणाऱ्यांची गरज उभी होती. स्टीफन्सने लोकांच्या कानाला सवयीची असलेली ओवी घेतली, ही त्याची खरी समज. परंतु पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांच्या बोलीविरुद्धच फर्मान काढले. घरची भाषा एक आणि दरबारची भाषा दुसरी, अशी फारकत झाली म्हणजे ग्रंथ कितीही गोड असला तरी घरातून उठतो.

ब्रिटिश अमदानीत अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत आले ते १८१३ साली. शाळा आणि छापखाना ही त्यांची दोन हत्यारे. पुढे १८४२ साली नगर येथे ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू झाले. ह्या पत्रातला एक लेख आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. १८५५ साली ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून येतो. तिचा मुद्दा साधा आहे : वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचे पुस्तक कोणते, आणि पुस्तकच नाही तर आमचा धर्म तरी कोणता? मुक्ता ख्रिस्ती नव्हती. पण पुस्तक ही चैन नसून माणूसपणाचा दाखला आहे, हे तिच्याइतके स्वच्छ त्या काळी फार थोड्यांनी सांगितले. घरात पहिले पुस्तक आणणाऱ्या बापाची छाती का फुगते, ते तिचा निबंध वाचल्यावर कळते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५७ साली, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले. विधवांची दैना सांगणारी ही कथा मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. १८७०च्या दशकात अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक सुरू केले. विनायक कोंडदेव ओक यांचे सुप्रसिद्ध ‘बालबोध’ १८८१ चे, म्हणजे त्याच्या नंतरचे. मराठी मुलासाठी दरमहा काहीतरी छापले पाहिजे ही जाणीव मिशनच्या छापखान्यात लवकर झाली, हे मान्य केले पाहिजे. तथापि, त्या काळच्या पुष्कळशा मिशनरी पुस्तकांत एक उणेपणा होता. ती उपदेश आधी करीत आणि गोष्ट मागाहून सांगत. शिवाय त्यांची मराठी परक्याने कोश उघडून लिहिल्यासारखी वाटे. मूल उपदेश सहन करते. पण खोटी भाषा ऐकली की उठून खेळायला जाते.

ही भाषेची गाठ सोडविली ती मराठी माणसांनी. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती, आणि ते ती उघड बोलून दाखवीत. आषाढात तुकोबांची पालखी आपल्या ह्या रस्त्याने इंदापूरकडे जाते. तिच्या वाटेवर राहणाऱ्यांना ह्या बोलण्याचा अर्थ फोडून सांगायला नको. टिळकांनी फुलांवर, पाखरांवर, मुलांवर कविता लिहिल्या. त्या शाळेच्या पुस्तकांत गेल्या आणि हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्व घरांतल्या मुलांनी पाठ केल्या. त्यांत धर्माचा शिक्का मारलेला नाही, आणि तरी प्राणिमात्राविषयीची कणव पुरेपूर आहे. त्यांच्या घरी बालकवी ठोमरे काही काळ राहिले. ते हिंदूच राहिले, आणि कवी म्हणून वाढले.

टिळकांच्या घरातली खरी शिकवणी मात्र लक्ष्मीबाईंची. रीतसर शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. अक्षरे घरीच शिकल्या. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले आणि त्यातले बहुतेक अध्याय लिहिले. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. बाई बोलत होत्या तशाच लिहीत गेल्या आणि मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र तयार झाले. ज्या घरात आई पाटी घेऊन बसते, त्या घरात मुलाला पुस्तकाचे वेगळे महत्त्व सांगावे लागत नाही.

आता आम्ही ज्या बाईंपाशी अधिक वेळ थांबणार आहो, त्या पंडिता रमाबाई. त्यांचे केडगाव आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने तीर्थयात्रेच्या पायपिटीत मुलीला शिकविले. शाळा नाही, घर नाही. धर्मशाळेच्या ओसरीवर किंवा झाडाखाली पाठांतर चाले. भागवतासारखा ग्रंथ त्या मुलीच्या मुखात बसला. खोपीवर मूल शिकेल कसे, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि हेही लक्षात ठेवावे की त्याच भटकंतीत, दुष्काळात, आईवडील उपासमारीने गेले. विद्येने पोट भरत नाही, हे रमाबाईंना जितके कळले होते तितके फार थोड्यांना कळले असेल.

पुढे विधवा झाल्यावर त्या १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. येथे आपल्या विषयाचा गाभा येतो. मनोरमेला कोणता धर्मपाठ द्यायचा, ह्यावरून रमाबाई आणि मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात पत्रांतून मोठा वाद झाला. चर्चच्या काही सिद्धांतांविषयी रमाबाईंच्या मनात शंका होत्या. ज्याची मला खात्री पटलेली नाही ते माझ्या मुलीला शिकवू नये, तिला काय शिकवायचे ते तिची आई ठरवील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाला असलेल्या एका विधवेने हे सुनावले. आम्ही अनेक वर्षे मालकांपुढे बसून बोलणी केली आहेत. ज्याचे अन्न खातो त्याच्यासमोर हक्काची भाषा बोलायला काय लागते, ते आम्हांला ठाऊक आहे.

परंतु इतिहास एकाच बाजूने सांगू नये. १८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. तेथे धर्मोपदेश करायचा नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन जाऊन बसत. १८९३ साली ह्यावरून पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांचे म्हणणे काय होते? आमच्या मुलीने काय शिकायचे ते आम्ही ठरवू. आठ-नऊ वर्षांपूर्वी जे रमाबाई सिस्टर जेराल्डिनना सांगत होत्या, तेच आता पालक रमाबाईंना सांगत होते. आमच्या मते ह्यात कोणी एक खोटा नव्हता. जो हक्क आपण आपल्या लेकरासाठी मागतो, तोच दुसऱ्याला द्यावा लागतो. धर्मशिक्षणात ही गोष्ट सर्वांत जड जाते, ख्रिस्त्यांनाही आणि इतरांनाही.

अमेरिकेत असताना रमाबाईंनी फ्रोबेलची बालोद्यान पद्धती शिकून घेतली आणि मराठी मुलींसाठी सचित्र क्रमिक पुस्तकांची तयारी केली. चित्र पाहून, वस्तू हाताळून, मग अक्षराकडे यायचे, हा तो मार्ग. पुढच्या दुष्काळांत केडगावला मुक्तिसदनाचा संसार शेकडो मुलींचा झाला. त्यांना वाचायला बायबल द्यावे, तर प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी त्यांना समजेना. तेव्हा ह्या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सबंध बायबल साध्या मराठीत उतरविले. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम मुक्तिसदनातल्याच मुलींनी केले. १९२२ साली मृत्यूच्या अगदी थोडे आधी काम पुरे झाले. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. काव्यशास्त्रात पारंगत असलेल्या पंडितेने आपली सगळी विद्या शब्द सोपे करण्याकडे लावली. ज्या बाईला फार थोडे शिकायला मिळाले, तिलाही ते कळावे, हा त्यांचा हेतू होता. अलीकडे २०१० साली वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले, ते ह्याच वाटेवरचे.

ह्या सगळ्यातून पुस्तक निवडणाऱ्या घराने काय घ्यावे? आमच्या मते एकच गोष्ट मुख्य. पुस्तक मुलाच्या वयाला शोभते काय, हे तर पाहावेच. पण घरात ते जो वाचून दाखविणार, बहुधा आई, तिला ते समजते काय, हे आधी पाहावे. मूल शंका विचारील तेव्हा उत्तर द्यायला पुस्तकाचा लेखक येणार नाही. आईलाच द्यावे लागेल. जे तिला पटलेले नाही ते तिच्याकडून वाचवून घेऊ नये, मग सांगणारा पाद्री असो, पुढारी असो, की आमच्यासारखा युनियनवाला असो.

हे मान्य केले की बाकीची निवड अवघड नाही. धर्मग्रंथातल्या गोष्टी सोप्या मराठीतल्या घ्याव्या. त्यांच्या शेजारी टिळकांच्या कविता ठेवाव्या, इसापनीती ठेवावी, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ठेवावी, तुकोबांचे निवडक अभंग ठेवावे. ख्रिस्ती घरात तुकोबा ठेवायला टिळकांनी हरकत घेतली नसती, आणि हिंदू घराने टिळकांची कविता कधी परकी मानली नाही. मूल मोठे झाले म्हणजे मुक्ता साळवेचा निबंध आणि ‘स्मृतिचित्रे’ त्याच्या हाती द्यावी, म्हणजे आपल्यासारख्यांनीही लिहिले आहे, हे त्याला कळेल.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण गाळप सुरू झाले की आईबापांबरोबर मूलही उसाच्या फडावर येते आणि हक्क गावाकडच्या हजेरीपटावर राहतो. तो मिळवून देण्यासाठी सरकारशी आणि कारखान्यांशी भांडावे लागेल, आणि ते आम्ही भांडू. घरची शिकवणी ही शाळेची जागा घेणारी नव्हे. परंतु भांडण मिटेपर्यंत मुलाचे वय थांबत नाही. म्हणून प्रत्येक टोळीबरोबर वीस-पंचवीस पुस्तकांची एक पत्र्याची पेटी असावी, गावच्या वाचनालयाने ती भरून द्यावी आणि हंगाम संपला की परत घ्यावी, एवढी सूचना आम्ही शेळगावकरांपुढे ठेवतो. पेटीत कोणती पुस्तके घालायची, हे मात्र टोळीतल्या बायांना विचारून ठरवावे.